नमुना क्रमांक अकरा

चोपड्याला, मार्केट कमिटीच्या शेडमध्ये,
केळीचे घड मोजायची जागा धुऊन
टेबलं मांडली होती.
पांढऱ्या चादरीवर तेवीस बाटल्या,
नावं झाकलेली, वर नुसते आकडे.
मी परीक्षक. तीस वर्षं कॉलेजात
वनस्पतिशास्त्र शिकवलेला,
घरामागे सातेरीच्या सहा पेट्या असलेला माणूस.

डिगंबरशेठ म्हणाले, सर, काडी बुडवून ओढा,
पेटली तर अस्सल.
कुणी म्हणालं, पाण्यात सोडा, तळाशी बसला पाहिजे.
कुणी म्हणालं, खऱ्याला कुत्रा तोंड लावत नाही.
एक कुत्रा होताही शेडमध्ये,
त्याला तेवीसही चालल्या असत्या.
घट्ट पाकही तळाशीच बसतो, शेठ,
एवढंच म्हणालो, आणि सूक्ष्मदर्शकाची काच पुसली.

नमुना चार.
इतका नितळ की पलीकडचा बॅनर वाचावा.
लेबल छापील: शुद्ध जांभूळ मध.
काचपट्टीवर थेंब घेतला, डोळा लावला.
आत काही नाही.
एक परागकण नाही.
माशी जणू घराबाहेर पडलीच नव्हती;
कुणी वाटीतून आणून दिलं
आणि तिनं मुकाट्यानं पिकवलं.

नमुना अकरा.
दारूची चपटी बाटली, बुचाऐवजी पॉलिथिन आणि दोरा.
गढूळ. अर्धा साकळलेला, तळाशी रवा,
वर मेणाचा कण आणि एक पंख.
काचेखाली मात्र बाजार भरलेला:
बाभळीचे कण सोळा-सोळांच्या टोळक्यानं,
तिळाचे, भोपळ्यासारख्या खाचांचे,
निंब, करंज, सालई,
आणि एक असा, की
तीस वर्षांनंतरही मला ओळखता आला नाही.

अकराचा अर्ज अर्धवट आहे, सेक्रेटरी ओरडले,
फुलोरा कुठला ते लिहिलेलं नाही.
मागच्या बाकावरून एक बाई उठल्या.
ठुमलीबाई पावरा, वैजापूरकडचा कुठलासा पाडा.
म्हणाल्या, माले काय माहीत भाऊ,
माशीले इचारा.
शेड हसलं. मीही हसलो,
आणि हसता हसता थांबलो.

कारण ओलाव्याचा काटा तेवीसवर होता,
नियमात वीस.
दोन महिन्यांत आंबेल हा मध, खरा असूनही.
रंगाला गुण होते, नितळपणाला होते,
बाटली आणि लेबल मिळून पंचवीस.

आणि गेल्या वर्षी याच चादरीवर
पहिला मी आलो होतो.
श्रावणात साखरपाणी सगळेच देतात पेटीला,
फुलं नसतात, माशा जगल्या पाहिजेत.
मी ते भाद्रपदात परत काढून घेतलं.
परीक्षकांनी उजेडात धरून पाहिलं, वा म्हणाले.
माशीनं कुणाला फसवलं नव्हतं.
तिला जे मिळालं, त्याचं तिनं जमेल ते केलं.
लेबल माझ्या अक्षरात होतं.

चार: पराग नाही, अपात्र. लिहिलं.
अकरा: ओलावा जास्त, अपात्र. तेही लिहिलं,
हात जड झाला तरी.
मग पहिला कोण, सर? शेठनी विचारलं.
म्हटलं, थांबा, घरी जाऊन येतो.

स्कूटरवरून गेलो. पदक टेबलाच्या खणात होतं,
जुन्या काचपट्ट्यांच्या खाली.
परतलो तोवर हारतुरे आटोपले होते;
नमुना सातला शाल मिळाली म्हणे.
ठुमलीबाई शेवटच्या जीपनं गेलेल्या.
बाटल्या तशाच. मुंग्या चारवर होत्या,
अकरावरही होत्या,
त्यांची काही तक्रार नव्हती.

पंखा गरगरत होता, अर्ज उडत होते.
तिचा सापडला टेबलाखाली,
फुलोऱ्याचा रकाना कोरा, खाली अंगठा.
उडू नये म्हणून
त्यावर पदक ठेवलं.
वजन बरं होतं त्याचं.