प्रकरण पंच्याण्णव

आडनाव टिपणीस, आणि धंदाही टिपण्याचाच.
सहारच्या कार्गोत बावीस वर्षं
लोकांच्या मालाची नावं मी सरकारी भाषेत लिहिते.
माल कुणाचाही असो, माझ्या लेखी तो आठ आकडे.

श्रावणात एक काठी उतरली जर्मनीहून.
चार मीटर दहा, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात,
रॅकमध्ये मावेना म्हणून भिंतीशी तिरपी,
वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी.

"वस्तू काय?"
उडी मारायची काठी, साहेब.
"उडी मारायला काठी कशाला?"
उंच मारायची असते. फार उंच.
त्यांनी टिचकी मारली, कान लावला.
"ही फायबरची नळी आहे. प्रकरण वेगळं, दर वेगळा."

मी प्रकरण पंच्याण्णव उघडून पुढे सरकवलं.
त्यात बाहुल्या आहेत, पत्ते आहेत,
जत्रेतले पाळणे आहेत,
आणि मध्येच कुठेतरी दाटीवाटीनं खेळाडू.
"मग संघटनेचं पत्र आणा."
पत्र आलं. शिक्का पुसट होता.
पुन्हा आलं. तोवर साहेब बदलले.

हिशेब असा:
काठीची किंमत, त्यात विमानाचं भाडं
(लांबीमुळे काठीहून भाडंच महाग),
भाड्यात विमा, आणि या सगळ्यावर शुल्क.
शुल्कावर अधिभार.
मग एकूण बेरजेवर जीएसटी,
म्हणजे करावर कर, दुधावर साय
आणि सायीवर बसलेली माशी.
गोदामाचं भाडं निराळं, रोजचं.

मढचे मोतीराम भानजी दर सोमवारी यायचे,
आकडे बोटांच्या पेरांवर मोजायचे.
"पोकळ हाय ना गो बाय ती?
मंग आतल्या हवेचं पन पैसं?"
घनफळ धरतात काका, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
पिशवीत पापलेटच्या हंगामाचे पैसे होते,
नोटांना अजून बर्फाचा ओलसरपणा.
दर्शिका तोवर पुळणीवर बांबूनं उडत होती,
पडायला जुन्या जाळ्यांचा ढीग.

अकरा आठवड्यांनी काठी सुटली.
त्या दिवशी ती स्वतः आली, शाळेच्या गणवेशात.
मी शेवटचा शिक्का घेत होते तोवर
मालाच्या काट्यावर सहज उभी राहिली,
पोरं राहतात तशी.
लाल आकडे थोडे थरथरले, मग थांबले:
अठ्ठावन्न.

काठीवर वजन लिहिलेलं असतं.
त्याहून जड माणसानं ती वाकवायची नाही. मोडते.
या काठीवर पंचावन्न होतं.
मागवली तेव्हा चोपन्न भरत होती पोरगी,
अर्जात ते मीच लिहिलं होतं.

अकरा आठवड्यांत सोळा वर्षांच्या मुलीचं
काय काय वाढतं, त्याला रकाना नाही.
शोधला मी. खरंच शोधला.

"परत धाडू?" भानजींनी विचारलं.
त्याला निर्यातीचं बिल लागेल, काका.

टेम्पोच्या मागे काठी हातभर बाहेर,
टोकाला लाल फडकं, नियमाप्रमाणे.
मी वर्सोव्याच्या धक्क्यापर्यंत गेले.
का, ते विचारू नका. माझं काम फाटकापाशी संपतं.
तरीत काठी आडवी घातली,
लोक वाकून वाकून बसले,
एका बाईनं टोपली टेकवायलाही तिचाच आधार घेतला.

"चारूला देईन," दर्शिका म्हणाली.
"मावसबहीण. तेरा वर्षांची, एक्केचाळीस किलो.
खाऊ घालते तिला."
मग धक्क्यावरूनच, दोरी सोडता सोडता,
"आणि माझ्यासाठी दुसरी मागवा."

कितीची लिहू?
"पासष्टची लिहा.
येईपर्यंत होते मी."

मी टिपून घेतलं.
तर निघाली. फडकं सोडायचं राहिलंच.
खाडीत मागून येणारं कुणी नव्हतं,
तरी ते हलत होतं.