एक खांब पुढे

औलूत नोव्हेंबर. तीनलाच अंधार,
अर्धशिशीला सोयीचा.

तूलिक्की जागच्या जागी सायकल मारते,
छातीला तारा, तोंडाला मास्क.
नर्स म्हणते, अजून एक मिनिट.
पाय म्हणतात, पुरे.

आई तिची याच दिवसांत
पडदे ओढून पडून असायची,
उशाशी बादली;
घर चवड्यांवर चालायचं.

दम कमी पडतोय, नर्स सांगते,
मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मग रोज स्कीवर, दिव्याच्या सातव्या खांबापर्यंत.
दुसऱ्या आठवड्यात एक खांब पुढे.

दुखणं येतंच. मंगळवारी आलं,
डोळ्याच्या कडेला तीच चमकती करवत.

पण कॅलेंडरवर दोन लाल फुल्यांमध्ये
एकवीस कोरी घरं.
आईच्या कॅलेंडरवर
दूधवाल्याचा हिशेबही फुल्यांखाली जायचा.