आडवा विस्तव

सोमवारची रात्र. उद्या मंगळवार, समुद्राला सुट्टी,
होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या,
म्हणून अपाममध्ये जागरणाची प्रार्थना आजच.
जनरेटर धापा टाकतोय, कर्णा आभाळाच्या कानात ओरडतोय.
प्रभू, तू बहिरा नाहीस,
हे मी पाळक अन्सांना एकदा सांगून पाहिलं.
ते म्हणाले, युद्धात कुणी कुजबुजत नाही, आराबा.

युद्ध.
कंबरेला पट्टा हवा, छातीला चिलखत, डोक्याला शिरस्त्राण.
माझ्या कंबरेला सुट्ट्या पैशांची गाठ मारलेलं फडकं,
डोक्यावर चाळीस वर्षं मासळीची परात,
छातीत भट्टीचा धूर, खोकलं की काळा पडतो.
एवढ्यावर सैतान घाबरत असेल
तर तो आमच्या बाजारात कधी उभा राहिलेला नाही.

मध्यरात्री कागदाचे कपटे वाटले.
वैऱ्याचं नाव लिहा, टाचेखाली धरा, तुडवा!
मला विचार करावा लागला नाही.
त्वुम्वा.
तिच्या नवऱ्याच्या होडीतून माझा एबो गेला,
लाटा बघून नको म्हणत होता, तिने हसून पाठवला,
आणि तिसऱ्या दिवशी त्याची एकच चप्पल घेऊन
ती माझ्या दारात उभी राहिली.
मी दार लावलं. सहा वर्षं झाली.
तेव्हापासून आमच्या दोन भट्ट्यांमध्ये
नऊ पावलांचं अंतर, आणि आडवा विस्तव जात नाही.
मी तिला पाण्यात पाहते.
आणि पाणी तर इथे डोळा उघडला की समोरच.

अग्नी! पाळक म्हणाले. अग्नी! आम्ही म्हणालो.
पडू दे वैऱ्यावर! पडू दे!
पत्र्याचं छप्पर थरथरलं.
मी इतकं तुडवलं की गुडघा धरला.
तीन बाकं पुढे त्वुम्वाही तुडवत होती,
पदर सुटलेला, घामाघूम, टाच आपटत,
आणि मला पहिल्यांदाच वाटलं,
तिच्या टाचेखाली कोण?

पहाटे झाडायची पाळी माझी.
फरशीवर कपटेच कपटे, घामाने चिकटलेले.
वाचू नये. वाचले.
अख्खं गाव होतं, प्रभू, त्या केरात.
जाळी विणणारा, जावा, सासवा, शाळेचे मास्तर,
पाळक अन्सासुद्धा, दोनदा.
एका कपट्यावर नुसतं "भूक".
एकावर कुणा पोरानं मासा काढलेला.
आराबा मेन्सिमा चार वेळा, चार हातांचं अक्षर.
चौघींपैकी कोण कोण, ते ओळखलं
आणि ओळखलं नाही असं ठरवलं.

केर टोपलीत भरून भट्टीत घातला.
ओली लाकडं पेटेनात, नावं लगेच पेटली.
त्यांच्यावर काल रात्रीची उरलेली मासळी लावली.

मग गुडघे टेकले, कर्ण्याशिवाय.
म्हटलं, प्रभू, त्वुम्वाला...
पुढे शब्द येईना.
क्षमा म्हणायला गेले की घशात चप्पल येते,
डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची.
खरं युद्ध असेल तर ते इथे आहे,
या एका वाक्याच्या मधोमध,
आणि मी हरतेय, हे तुला दिसतंच आहे.
अर्धंच वाक्य ठेव. उरलेलं उद्या.

मागे वाळू वाजली.
त्वुम्वा. हातात फुटका तवा.
माझी भट्टी विझली, म्हणाली, जमिनीकडे बघत.
रात्रभर तिच्यावर अग्नी मागितला होता मी.
आता ती स्वतःच मागायला आली होती.

मी बोलले नाही. हसले तर मुळीच नाही.
चिमटा घेतला, तीन निखारे उचलले,
एक खाली पडला, पुन्हा उचलला,
तिच्या तव्यात ठेवले.
तव्याची चीर माझ्याकडे होती,
म्हणून म्हटलं, सांभाळ, उलटा धर.

एवढंच. नऊ पावलं ती चालत गेली.
माझा हात अजून कापतोय, प्रभू.
याला तू काय म्हणशील ते म्हण.
मासळी करपायला लागली आहे, मी उठते.