बरशराम

फिट,
असा निळा शिक्का होता माझ्यावर, नऊ वर्षांपूर्वीचा.
आदल्या रात्री खोकला येऊ नये म्हणून
ज्येष्ठमध चघळत बसलो होतो.
डॉक्टरनं पाठीवर बोटं वाजवली
तेव्हा जो श्वास धरला
तो अजून पुरता सोडलेला नाही.
दुखणं लपवणं, हीच आमची पहिली नोकरी.
पगार त्यानंतरचा.

आणि आता फहाहीलच्या या सहा खाटांच्या खोलीत
कुंजुमोन म्हणतो, सगळं बाहेर काढ.
काय दुखतं, कधीपासून, तारखेनिशी.
तो टायपिस्ट. एका पानाचे पाचशे फिल्स घेतो,
माझ्याकडून चहा.

मी सांगतो, शर्टाचं वरचं बटण.
तो म्हणतो, बटण चालत नाही, अंश सांग.
मी सांगतो, पाठ चोळता येत नाही.
तो टाइप करतो: मर्यादित हालचाल.
एवढंच.
दोन शब्दांत माझी सगळी आंघोळ.

पहिला अर्ज परत आला.
अरबीत प नाही, म्हणून हॉस्पिटलच्या कागदावर मी बरशराम,
पासपोर्टवर पर्शराम.
खिडकीतल्या बाईनं नम्रपणे विचारलं,
हा खांदा तुमचाच कशावरून?
एक्स-रे मी उन्हाला धरला.
माझंच हाड, पण त्यावर नाव दुसऱ्याचं.

मग कमिटी.
पांढऱ्या मिशांचा मिसरी डॉक्टर, गोड बोलणारा,
म्हणाला, हात वर करा, जाईल तेवढाच.
आणि मी, मूर्ख,
मोठा माणूस सांगतोय म्हणून
दात आवळून नेला कानापर्यंत.
त्यानं लिहून घेतलं.
बाहेर कुंजुमोन कपाळावर हात मारून म्हणाला,
कंपनीनं हात वर केले ते पुरे नव्हतं का,
तू कशाला केलास?

पण नसांची तपासणी झाली होती.
तिथं माझं काही चाललं नाही.
सुईनं विचारलं, नसेनं उत्तर दिलं
उशिरा, हळू, सरकारी पत्रासारखं.
माझ्या अंगात खरं बोलणारं तेवढंच एक निघालं.

कंपनीचं म्हणणं, मी खोलीतल्या बाथरूममध्ये पडलो.
चेन ब्लॉक सुटला तेव्हाचे दोघे रिगर
दुसऱ्या साइटवर गेलेत, फोन उचलत नाहीत.
राहिली मारिसेल, प्रथमोपचाराच्या कंटेनरमधली नर्स.
तिला सांगितलं होतं म्हणे, वेळ लिहू नकोस.
तिनं लिहिली. जाण्याआधी
रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स
बिस्किटाच्या पुड्यात घालून दिली मला.
मी बिस्किटं खाल्ली, कागद महिनाभर वाचलाच नाही.

काल कुंजुमोननं वाचून दाखवला:
दुपारी दोन चाळीस. दोघांनी उचलून आणला.
उजवा खांदा जागेवर नाही.
पेशंट दुखत असल्याचं नाकारतो.

खोलीत कुणी बोललं नाही.
पंखा फिरत होता, कुकरची शिट्टी झाली.
मग त्यानं तो जुना 'फिट' फायलीत सगळ्यात वर लावला.
आलास तेव्हा अख्खा होतास,
हे त्यांच्याच शिक्क्यानं.
खाली मारिसेल, खाली नसा, खाली एक्स-रे,
आणि पासपोर्टवाला आणि हॉस्पिटलवाला एकच माणूस
असं प्रतिज्ञापत्र.
डाव्या हाताची सही, सापाच्या पिल्लासारखी.

रात्री शेवंतीचा फोन.
जेवलात का, उकडतंय का, आणि मग नेहमीचं:
दुखतं का हो अजून?
जिभेवर नाही तयारच होतं.
कुंजुमोननं कीबोर्डवरून मान वर केली.
थांब गं, म्हटलं,
कागदात बघून सांगतो.