विमान जाईपर्यंत

कन्सेशनच्या खिडकीला लागून आहे माझं दार.
ही जागा मी भांडून घेतली.
आधी दिली होती दुसऱ्या मजल्यावर,
कुलसचिवांच्या केबिनसमोर,
काचेचं दार, एसी, वर पितळी पाटी.
म्हटलं, तिथे कोण येणार मरायला?
इथे रांग असते. रांगेत कुणीही उभं राहू शकतं,
हातात पासाचा फॉर्म, पाठीला सॅक,
आणि पुढचा माणूस सरकला की
डावीकडे एक पाऊल.

पाटी नाही. बाहेर गवसमामा
स्टुलावर शब्दकोडं सोडवत बसतात.
कुणी विचारलंच तर म्हणतात, मॅडम हिशोब बघतात.
तसं खोटं नाही ते.

ती आली मंगळवारी. फॉर्म अर्धाच भरलेला,
कुठून: मुलुंड. कुठपर्यंत: कोरं.
(स्टेशन मी बदललंय. वारही.
कवितेला वेगळा नियम नाही.)

पहिला प्रश्न तिचाच:
मी सांगितलं तर कुणाकुणाला कळेल?
याचं उत्तर घोळवायचं नसतं.
मला. फाईल नाही, वहीत नाव नाही.
फक्त जिवावर बेतणारं काही असेल
तर मी एकटी गप्प बसणार नाही,
पण तेव्हाही आधी तुला सांगेन, मग दुसऱ्याला.
तिने हे उत्तर पाचशेच्या नोटेसारखं
उजेडात धरून पाहिलं.

मग म्हणाली, सरांनी तिसरं प्रकरण घेऊन
सहानंतर यायला सांगितलं,
आणि विमान आलं.

कलिन्यात दर दोन-तीन मिनिटांनी येतं,
चाकं काढलेलं, गच्चीवरच्या टाक्यांना घासत गेल्यासारखं.
आम्हा इथल्यांना सवय आहे,
वाक्य मधेच ठेवून देतो,
ओट्यावर गरम पातेलं टेकवावं तसं,
आणि आवाज गेला की उचलतो.
खडू फळ्यावर धरून प्राध्यापकसुद्धा थांबतात.

ती थांबली नाही.
ओठ हलत राहिले. एकदा डोळे मिटले.
तावदान थरथरलं, पेल्यातलं पाणी थरथरलं,
आणि विमान उतरलं तेव्हा ती
"मग मी रिक्षा केली"पर्यंत पोचली होती.

मधलं सगळं तिने
विमानाला सांगितलं.

पुन्हा सांग, म्हणाले नाही.
पेला तिच्याकडे सरकवला.
म्हटलं, पुढचं येईल एवढ्यात, हवं तर.
ती हसली नाही, पण नाक शिंकरताना
हसण्याच्या बरीच जवळ आली.

तक्रार? आत्ता नको.
कागद खणात आहे, मुदत तीन महिन्यांची,
तारीख मोजून सांगितली. ढकललं नाही, अडवलंही नाही.
तिला हवं होतं ते भलतंच साधं निघालं:
त्याच्या कपाटात राहिलेल्या दोन वह्या
आणि डब्याचं झाकण.

झाकणावर आईने नेलपॉलिशने खूण केलीय, म्हणाली.
त्याशिवाय घरी काय सांगू?

गवसमामा गेले. स्टॉकचं मोजमाप चालू आहे
असं काहीतरी सांगून वीस मिनिटांत परतले.
वह्या, झाकण, लाल ठिपका.
मला काही विचारलं नाही. तिला तर नाहीच.
कोड्यातला उभा सातवा शब्द अडलाय, एवढंच बोलले.

मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज आम्ही मिळून लिहिला,
कारणाच्या रकान्यात "संशोधनाची दिशा".
ते वाक्य मला अजून टोचतं.
तिला टोचत नव्हतं, आणि अर्ज तिचा होता.

रात्री वैशंपायन विचारतात, काय केलंस दिवसभर?
फॉर्म, मी म्हणते.
तीस वर्षांत नवऱ्याला मी
एवढी कंटाळवाणी कधी वाटले नसेन.
कुर्ल्यावरून विमान जातं. माझं वाक्य
ओट्यावरच राहतं, निवत.

वर्षाअखेर अहवालात फक्त आकडा जातो.
मंगळवारच्या रकान्यात मी एक लिहिला.
त्यावर कुलसचिवांची सही होईल, हिरव्या शाईत.

आज एक मुलगा उभा होता रांगेत.
उंच, क्रिकेटची किट घेतलेला.
तीनदा नंबर आला, तीनदा त्याने
मागच्याला म्हटलं, तू जा.
खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.
मामांनी कोडं दुमडलं,
आणि स्टूल
हातभर मागे घेतलं.