ढालीवरचं कासव

सावरटोल्याच्या मठात नऊ घोडेस्वार आहेत.
आठांची तोंडं तळ्याकडे, नववा मागे वळलेला.
तोंडं म्हणालो, पण तोंडं नाहीतच.
नेमकी तेवढ्याच उंचीवर भिंतीला ओल धरली
आणि चुन्याच्या पापुद्र्याबरोबर
नऊच्या नऊ चेहरे गळून गेले.

कार्यालयानं नोंदवही दिली आहे:
अनुक्रमांक, मोजमाप, स्थिती, ओळख.
पहिले तीन रकाने टेप आणि बॅटरीवर भागतात.
चौथ्यासाठी मी तीन दिवस
मामा तलावाच्या पाळीवरून ये-जा करतो,
आणि मठ झाडणारी फुलवंता नेताम रोज विचारते,
'घावले का जी?'

चेहऱ्यांचा तसाही फार उपयोग नव्हता.
चितारी चेहरा एकच काढतो, तोच नऊदा,
माशासारखा डोळा, वर पिळलेली मिशी.
माणूस उरलेल्यात असतो:
पगडीचा पेच कुठल्या कानावर उतरतो,
खोगिरावर बुट्टे की पट्टे,
भाल्याच्या कापडाला टोक एक की दोन.
पहिला म्होरक्या, कारण त्याच्या एकट्याच्याच
घोड्याला मेंदी, शेपूट आणि चारी खूर लाल.
दुसऱ्याच्या निशाणावर हत्तीच्या पाठीवर सिंह,
तो चांद्याकडचा.
चौथा नागपूरकडचा असावा.
'असावा' मी पेन्सिलीनं लिहिलं.

झिबल पेंटर नाटकांचे पडदे रंगवतो,
भिंत बघायला म्हणून आला आणि बसलाच.
'मंडईच्या रात्री हजार मानूस तनसावर बसते, साहेब.
मागच्याले राजाचं थोबाड दिसते का?
तुरा दिसते.
तुरा पडला का राजा मेला.
मंग तोच तुरा पोराच्या डोक्शावर ठेवा,
पब्लिक उठून उभी.'

सहाव्याच्या ढालीपुढे मी लिहिलं होतं: चक्र, आरे चार.
फुलवंतानं खराटा भिंतीला टेकवला.
'चाक नाही जी, कासव हाय.
हे पाय. मुंडकं आत घेतलं त्यानं.
आमचं हाय ते.
आमी त्याले मारत नाही, खात नाही,
जाळ्यात आलं तं तळ्यात सोडून देतो.'
मी बॅटरी आडवी धरली, भिंतीला जवळजवळ गाल लावून.
चाकाला शेपूट होतं.

ती खूप वेळ तिथंच उभी.
मग म्हणाली, अगदी सहज,
'रेशनची मशीन माहं बोट घेऊन नाही राहिली.
तीन महिने झाले.
चुना कालवून कालवून रेघाच गेल्या म्हनते.
मी म्हनलं, अरे, मी फुलवंता, सुकरूची बाई,
तुह्या घरासमोरच रायतो ना.
तो म्हनते, मले ठाऊक हाय काकी, मशीनले नाही.'
झिबल हसला. तीही हसली.
मी टेप गुंडाळत राहिलो, गुंडाळून झाली होती तरी.

नवव्याची ढाल कोरी आहे.
मी 'रंग उडालेला' लिहायला घेतलं
तर झिबलनं बोट ओलं करून ढालीवर फिरवलं, पाहिलं.
'उडाला नाही. इथं रंग लागलाच नाही कधी.
पैसे आले नसतील.
नाही तं मानूस यायचा असंन.'
दोन्ही शक्यता लिहायला रकाना अपुरा होता.

ऊन दारातून उंबऱ्यावर आलं,
तेव्हा सहाव्यापुढचं चक्र खोडलं.
ओळख: नेताम.
माहिती देणाऱ्याची सही, अशी एक ओळ असते खाली.
फुलवंतानं अंगठा शाईत बुडवला,
कागदावर टेकवला, नीट दाबला.
उठला तो निळा गोल,
आत एकही रेघ नाही.
'चालते का जी असं?'

मी फुंकर घालून वही वाळवली.
तळ्यावरून पोरं ओरडत चालली होती,
जाळ्यात काय आलं कोण जाणे.