पान उलटणारा

माझं काम एवढंच:
केरसीनं मान हलवली की उठायचं,
डाव्या हाताने उजव्या पानाचा वरचा कोपरा धरायचा,
उलटायचं, बसायचं.
बाही सुरांना लागता कामा नये.

दांडिया बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर हॉल आहे.
पूर्वी इथे शिवणाचा वर्ग चालायचा.
फरशीच्या फटींत अजून टाचण्या निघतात,
आणि निरंजन पाटणकरच्या चेलोचा लोखंडी पाय
बरोबर त्याच फटीत रुततो.

शरयू दिघे व्हायोलिनवर.
दिवसभर वीज मंडळात लोकांची वाढीव बिलं ऐकते,
संध्याकाळी इथे येऊन तारा लावताना
कुणाशी एक शब्द बोलत नाही.

याकूब मीरची क्लॅरिनेट,
तीन पिढ्या वरातीत वाजलेली.
बापाने शिकवलं होतं,
सूर तीन गल्ल्या पलीकडे गेला पाहिजे,
घोडा बुजला तरी चालेल.
मुदिता त्याला म्हणाली,
याकूबभाई, सूर नको. नुसती हवा.
आठ दिवस तो हवा शोधत होता.
फुंकायचा, आणि सूर यायचाच,
सवयीचा, लाडावलेला,
लग्नघरचा.

मुदिता गुप्ते, वय सव्वीस, रचना तिची.
नाव: पाणी येण्याआधी.
पहाटे नळ उघडा ठेवला की
पाइपात आधी जे काही येतं, ते.
पियानोचा वरचा एक सूर दमट हवेत उतरतो,
केरसी वैतागून ट्यूनरला फोन करणार होता,
तिनं करू दिला नाही.
तो उतरलेला सूर तिनं तसाच लिहून घेतला,
अकरा वेळा.

कार्यक्रमाला एकोणीस माणसं.
त्यातली सहा निरंजनच्या घरची.
मधे चाळीस मात्रांची शांतता आहे,
कागदावर ती एक जाड आडवी रेघ दिसते
आणि वर आकडा.
शरयू चपलेत अंगठ्याने मोजते,
निरंजन डोळे मिटून,
मी ओठांत.

सातव्या मात्रेला खाली वरात आली.
ढोल, दोन ट्रम्पेट, जनरेटरचा हातगाडा,
आणि सिनेमातलं ते, जे सगळ्यांना येतं.
खिडकीची काच थरथरायला लागली.
याकूबचं तोंड बदललं.
त्याच्या धाकट्या भावाचा बँड होता तो,
क्लॅरिनेट अर्धी श्रुती चढी,
कायमचीच.

मला वाटलं, हा आता वाजवणार.
त्याची बोटं चालू झाली होती.
फुंक नाही, फक्त बोटं,
चाव्यांच्या गाद्या लाकडावर टपटप, टपटप,
अख्खं गाणं,
भावाच्या बरोबरीने, एका जागी त्याच्या पुढेही.
मुदिता तिसऱ्या रांगेत होती.
तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

सत्ताविसाला माझी मोजणी सुटली.
केरसीनं मान हलवली नाही.
चाळीस कधीच उलटून गेले असणार.
वरात सूरसागरच्या दिशेने वळली,
ढोल आधी विरला, जनरेटर सगळ्यांत शेवटी,
आणि तेव्हा याकूबने क्लॅरिनेट ओठांशी नेली.
हवा आली.
नुसती हवा. आधी कोरडी,
मग जराशी ओली,
जशी पाचला, बादली खाली ठेवून
आपण नळाकडे बघत उभे असतो.

त्यानंतर केरसीनं मान हलवली
आणि मी दोन पानं एकदम उलटली.

ते रेकॉर्डिंग मुदितानं मला पाठवलंय.
वरात आहे, टपटप आहे, हवा आहे,
कागदाची जाड, चुकीची फडफड आहे
आणि लगेच केरसीची एक पारशी शिवी,
माझ्या आईला उद्देशून, अगदी हळू आवाजात.
निरंजनची मावशी जिन्यात विचारत होती, राग कोणता?
कुणी काही बोललं नाही.
याकूब क्लॅरिनेटचे तुकडे फडक्याने पुसत होता,
म्हणाला, मावशी, भावाला विचारतो.

पुढच्या शनिवारी परत तालीम आहे.
जाड रेघेवरचा चाळीसचा आकडा
मुदितानं पेन्सिलीने खोडलाय.
नवा आकडा अजून लिहिलेला नाही.
मी मात्र पानांचे कोपरे
एकेक करून दुमडून ठेवलेत.